शुक्रवारी गप्प बसणारी गाडी

१

पुरावा माझ्या टेबलावर पडला होता आणि तो माझ्या वडिलांच्या अक्षरात होता.

दोन जॉब कार्डं होती, कडांना ग्रीसचे अंगठे उमटलेली. एकावर गेल्या शुक्रवारची तारीख, दुसऱ्यावर त्याच्या आधीच्या शुक्रवारची. दोन्हींवर शेवटी तीच ओळ: 'गाडी चालवून पाहिली. आवाज नाही.' खाली बाबांची सही, शेवटचं अक्षर खाली ओढलेली.

"आणि आवाज आहे," दादा म्हणाला. "काल मी स्वतः त्या गाडीत बसून आलो. चांगला घुमतो. साठच्या वर गेलं की पोटात भुंगा शिरल्यासारखं वाटतं."

दादा म्हणजे गॅरेजचा मालक. माझा सख्खा भाऊ नव्हे, पण वीस वर्षं बाबांच्या हाताखाली शिकला, तेव्हापासून तो मला दादाच. पुढे त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं आणि बाबांना मानानं बोलावून नेलं. तिथला नियम एकच होता: गाडी दुरुस्त झाली की शेवटची फेरी उस्तादांनी, म्हणजे बाबांनी मारायची. उस्तादांनी मान डोलावली की गाडी बाहेर. तो नियम दादानंच केला होता.

"गाडी कुणाची?" मी विचारलं.

"ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची. तीन आठवडे झाले, चाकातून घुमतंय म्हणून ओरडतायत. पहिल्या खेपेला म्हणाले, माझ्या पायाखालून येतो. म्हणून त्यांच्या बाजूच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं. उस्तादांनी बदलायच्या आधी फेरी मारली, नंतरही मारली. म्हणाले आवाज नाही. गाडी गेली आणि सोमवारी मास्तरांचा फोन. परत शुक्रवारी आणली, परत उस्ताद म्हणाले आवाज नाही. काल मी जाऊन बसलो, तर आवाज मागून येतोय. म्हणजे पहिल्यापासून मागूनच असणार. उस्तादांना कळलंच नाही, आणि आम्ही चांगलं बेअरिंग काढून बसलो."

"बाबा आवाज नाही म्हणाले होते, तरी बेअरिंग बदलायला कुणी सांगितलं?"

दादा जरा चपापला. "मास्तर हटूनच बसले, ताई."

तो पुढे काय म्हणणार हे मला कळलं होतं, आणि म्हणूनच मी फाइल चाळल्याचं नाटक करत होते.

"चाकाचं काम आहे. उद्या एखाद्या गाडीचं खरंच काही बिघडलं आणि उस्तादांना ऐकू आलं नाही, तर आतला माणूस जाईल. तुम्ही कान तपासता. त्यांचे तपासा. सोमवारपासून त्यांनी घरी बसावं असं मला वाटतं. मी तोंडानं नाही सांगू शकत त्यांना."

तो गेला. कार्डं मुद्दाम माझ्यापाशी ठेवून गेला.

२

मी पोटासाठी कान तपासते. एक छोटी, चारी बाजूंनी जाड गादी लावलेली खोली, तिला एक काच, आत पेशंट, बाहेर मी. मी बारीक-मोठे सूर सोडते, ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं. या कामात मला एक गोष्ट पक्की कळली आहे: माणसं कानाबद्दल सहसा खोटं बोलत नाहीत. नवरा म्हणतो ऐकू येतं, बायको म्हणते येत नाही, आणि बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात. फक्त कुणी काय, कुठून आणि केव्हा ऐकलं, हे विचारायचं राहून गेलेलं असतं.

बाबांची तपासणी करायला माझे हात धजेनात. मी शेजारच्या खोलीतल्या सहकारी मैत्रिणीला बसवलं आणि स्वतः बाहेर आईजवळ बाकावर बसले.

"कधीचं सांगतेय मी," आई म्हणाली. "नळ चालू असताना हाक मारली तर यांना पत्ता नसतो. परवा मी तीनदा हाक मारली. चौथ्यांदा भांडं आपटलं, तेव्हा कुठे स्वारी उठली."

"भांडं ऐकू आलं?"

"भांडं कसं नाही येणार?"

आईला वाटत होतं ती नेहमीसारखी नवऱ्याची तक्रार करतेय. आपण साक्ष देतोय, हे तिला माहीत नव्हतं.

अर्ध्या तासानं मैत्रीण आलेख घेऊन आली. रेषा उजवीकडे धाडकन खाली घसरली होती. बारीक सूर, वरच्या पट्टीतले, बाबांच्या कानातून बरेचसे गेलेले. चाळीस वर्षं हातोडे आणि कॉम्प्रेसर ऐकलेल्या माणसाचा आलेख असाच असतो. आईची हाक तिथंच हरवत होती. पण डावीकडची बाजू, खालचे, जाड, घुमणारे सूर... तिथं रेषा सरळ होती. माझ्याहून सरळ.

मी लगेच दादाला फोन लावला. "चाकाचा आवाज म्हणजे जाड सूर. बाबांना तो ऐकू यायलाच हवा."

"गादीच्या खोलीत, ताई," दादा म्हणाला. "धावत्या गाडीत माणूस वेगळा ऐकतो."

हे खरं होतं. त्यामुळेच माझा जास्त जळफळाट झाला.

३

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मास्तरांची गाडी ठरल्याप्रमाणे गॅरेजला आली. शुक्रवारी ते वर्गात फळ्यावर वाहतुकीच्या खुणा शिकवतात, तेव्हा गाडी मोकळी असते. दादा सुटे भाग आणायला बाहेरगावी गेला होता. मी रजा टाकून गेले.

बाबांनी गाडी लिफ्टवर चढवली. चारही चाकं एकेक करून हातानं फिरवली, स्प्रिंगवर बोटं ठेवून बघितलं, डोळे मिटून. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक थरथर लागते, हे त्यांनी मला शाळेत असताना शिकवलं होतं. चारही टायरांवरून तळवा फिरवला. मग आम्ही फेरी मारायला निघालो.

चाळीस. साठ. ऐंशी. मोकळा रस्ता होता. त्यांनी गाडी डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. मी सगळा जीव कानात गोळा करून बसले होते. टायर रस्त्यावर सरसरत होते, वारा होता, बाकी काही नव्हतं.

"येतोय?" बाबांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे. "तू माझी मुलगी आहेस," ते म्हणाले. "तुला ऐकू आला असता तरी तू नाही म्हणाली असतीस."

संध्याकाळी दादानंही फोनवर तेच ऐकवलं, फक्त जास्त शब्दांत. मी वाद घातला. तो शेवटी म्हणाला, "बुधवारी मी ऐकलाय. माझा कान खोटं बोलतोय का?"

सोमवारी सकाळी बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले, पण कुणी घरी बसा म्हटलं नसतानाही गॅरेजला गेले नाहीत. आईनं त्यांना हाकही मारली नाही. तीनदा जवळ जाऊन, खांद्याला हात लावून, काय हवं नको ते विचारून आली. ते बघून मला भडभडून आलं, आणि मंगळवारी मी दुसरी रजा टाकली.

४

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक खोली, एक फळा आणि बाहेर उभी ती पांढरी गाडी. मास्तर उंच, ताठ, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहे, त्यामुळे शिकणाऱ्यानं काहीही केलं तरी गाडी मास्तरांच्या पायाखालीच असते, असं ते पहिल्याच वाक्यात सांगतात.

"तुम्ही त्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या कन्या ना?" ते म्हणाले. "बसा. ऐका. मग बोलू."

मी मागे बसले. मास्तरांनी स्वतः गाडी हातात घेतली. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत काही नव्हतं. मोठा रस्ता लागला. पन्नासला काहीतरी जागं झालं. साठला ते घुमायला लागलं: ऊं ऊं ऊं, चढतं-उतरतं, एकसारखं. माझ्या सीटच्या मागून, मास्तर एरवी बसतात त्या बाजूच्या मागच्या चाकातून येत होतं. पायाच्या तळव्यांनासुद्धा लागत होतं. ऐकू न येण्यासारखं त्यात काही नव्हतं. बहिरा माणूसही दचकला असता.

"काय?" मास्तर म्हणाले. "नाही म्हणता का आता?"

तीच गाडी, तेच कान, आणि शुक्रवारी मी याच्यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं. एकच क्षण मला असं वाटलं की बाबांचं काय घेऊन बसलोय, माझेच कान तपासायला हवेत.

५

सगळे खरं बोलतायत, असं धरायचं. माझ्या धंद्याचा हा पहिला नियम मी त्या दिवशी तिथं लावायचं ठरवलं. मग एकेकाला विचारत सुटले.

मास्तर आधी. "पहिल्या आठवड्यात माझ्या पायाखालून येत होता, पुढून. शपथेवर सांगतो. मग बेअरिंग बदललं आणि आवाज दुसरीकडं सरकला. वाईट काम केलं की असंच होतं."

"वळणावर वाढतो का?"

"नाही. वळणावर आहे तसाच."

ते ऐकून मला बरं वाटलं. बाबा गाडी डावी-उजवी झुकवतात ते उगीच नव्हे. बेअरिंगवर वळणात भार पडतो आणि त्याचा सूर बदलतो.

सकाळच्या तुकडीतल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहत होत्या. त्यांना सगळे शिवणबाई म्हणत.

"मास्तर काही म्हणोत," त्या हळूच म्हणाल्या, "पण मागल्याच्या मागल्या आठवड्यात आवाज पुढूनच होता. माझ्या बाजूनं, स्टिअरिंगच्या बाजूनं. मी काय भ्रमिष्ट आहे का? शिवणयंत्र बिघडलं तर मला आवाजावरून कळतं."

"सोमवारी होता?"

"सोमवारी जाताना नव्हता, नंतर होता. सोमवारचं मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी मी घरी जाऊन पांढऱ्या कापडाला हात लावत नाही. नखातलं काळं निघता निघत नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं आणि, खरं सांगायचं तर, दुर्लक्ष केलं.

तिसरे साक्षीदार एक निवृत्त ग्रंथपाल होते, संध्याकाळच्या तुकडीतले. ते शेजारच्याच इमारतीत राहत, म्हणून मास्तरांनी त्यांना बोलावून घेतलं. ते येताना डायरी घेऊनच आले. असा साक्षीदार मिळायला भाग्य लागतं.

"मी नोंद ठेवतो," ते म्हणाले. "गाडी शिकायला उशीर झालाय, तर निदान नीट शिकावं. हे पाहा. गेला आठवडा: सोमवार, आवाज. मंगळवार, बुधवार, आवाज. गुरुवारी जाताना आवाज. शनिवारी नाही. त्याच्या आधीचा आठवडा: तसंच. शनिवारी गाडी एकदम शहाण्यासारखी चालते."

"आवाज कुठून येत होता?"

"गेल्या आठवड्यात मागून, चालवणाऱ्याच्या पाठीमागून. माझी पाळी येईपर्यंत मी तिथंच बसतो. आणखी एक, सिमेंटच्या रस्त्यावर तो वाढतो आणि डांबरी रस्त्यावर जरा दबतो. लिहिलंय मी."

मी वही मांडीवर घेऊन बसले. पहिल्या आठवड्यात पुढे, मास्तरांच्या बाजूला. दुसऱ्यात पुढे, चालवणाऱ्याच्या बाजूला. तिसऱ्यात मागे, चालवणाऱ्याच्या पाठीशी. आणि आज मी स्वतः ऐकला तो मागे, मास्तरांच्या बाजूला. चार माणसं, चार जागा. दादानं यातून एवढाच अर्थ काढला होता की बाकीचे चुकले आणि आपण ऐकलं ते खरं.

पण चौघंही खरं बोलत असतील तर?

तर आवाज चालत होता. दर आठवड्याला एक कोपरा पुढे. बेअरिंग असं चालत नाही, ते जागेवर ठोकून बसवलेलं असतं. आणि शुक्रवार-शनिवार तो सुटीवर जात होता.

"मास्तर," मी म्हणाले, "ही गाडी आत्ताच्या आत्ता गॅरेजला नेऊ या. शुक्रवारपर्यंत नको थांबायला."

मास्तरांचा चेहरा मी एखादी अश्लील गोष्ट सुचवल्यासारखा झाला.

"आज?" ते म्हणाले. "आज नाही जमणार. आज गाडी गॅरेजला पाठवण्यासारखी नाही."

"का?"

त्यांनी कारण सांगितलं. अगदी सहज, घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं. मी उठून उभीच राहिले.

६

बुधवारी सकाळी गॅरेजमध्ये आम्ही पाच जण होतो: दादा, मास्तर, डायरीसकट ग्रंथपाल, मी, आणि बाबा. बाबांना मी घरातून जवळजवळ ओढून आणलं होतं. ते दाराशीच उभे राहिले, पाहुण्यासारखे. स्वतःच्या पान्यांच्या कपाटाकडेही त्यांनी पाहिलं नाही.

"मास्तर," मी म्हणाले, "काल मला सांगितलंत ते सगळ्यांना सांगा. गाडी आठवड्याच्या मध्ये गॅरेजला का आणत नाही?"

"कारण सोमवार ते गुरुवार तिला स्टेपनी लावलेली असते," मास्तर म्हणाले. "आमच्या शाळेतून शिकलेला माणूस पंक्चर झाल्यावर रस्त्यात हात चोळत उभा राहत नाही. सोमवारी सकाळची तुकडी एक चाक काढते आणि स्टेपनी बसवते. गुरुवारी संध्याकाळची तुकडी स्टेपनी काढून मूळ चाक परत बसवते. दर आठवड्याला कोपरा वेगळा, म्हणजे सगळ्या बाजूंची सवय होते. पंधरा वर्षं हा धडा आहे. आणि गॅरेजला देताना मी गाडी नेहमी जशीच्या तशी करून देतो. अर्धवट गाडी दुसऱ्याच्या हवाली करणं माझ्या शिस्तीत बसत नाही."

दादाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत," तो अखेर म्हणाला.

"तुम्ही विचारलंत, गाडीला काही काम केलंय का. हे काय काम आहे? हा धडा आहे."

मी दादाला म्हणाले, "शिवणबाईंच्या नखातलं काळं सोमवारचंच का, ते मला काल संध्याकाळपर्यंत सुचलं नाही. ग्रंथपालांच्या डायरीत आवाज सोमवारी येतो, गुरुवारी जातो. जागा दर आठवड्याला बदलते. रस्ता बदलला की सूर बदलतो, वळणावर बदलत नाही. बेअरिंगचं याच्या उलट असतं, हे तुला बाबांनीच शिकवलंय. तुम्ही शुक्रवारी चार चाकं तपासता. घुमणारं चाक शुक्रवारी डिकीत झोपलेलं असतं."

"पण पंधरा वर्षं धडा चालू आहे," दादा म्हणाला. तो वकिलासारखा लढत होता, आणि मला त्याचा राग येत नव्हता, कारण प्रश्न बरोबर होता. "आवाज तीन आठवड्यांपूर्वीच का सुरू झाला?"

"ते काल टायरवाल्याला विचारून आले. महिन्यापूर्वी मास्तरांनी दोन टायर नवे घातले. टायरवाला म्हणाला, जुन्या दोनांतला जो बरा दिसला तो स्टेपनीला चढवला, रबर भरपूर होतं त्यात. खोटं नाही बोलला. रबर आहेच."

बाबा दारातून आत आले. कुणाशी न बोलता गाडीच्या मागच्या, स्टेपनी लावलेल्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायरवर तळवा ठेवला. एकदा पुढे फिरवला. मग मागे फिरवला आणि थांबले.

"हात लाव," ते दादाला म्हणाले.

दादानं हात लावला. मीही लावला. पुढच्या दिशेनं गुळगुळीत लागत होतं. उलट्या दिशेनं नक्षीचा प्रत्येक ठोकळा बोटांना करवतीच्या दातासारखा अडत होता.

"शिकाऊ माणसं चाक फुटपाथला घासतात," बाबा म्हणाले. "चाकाची रेषा बिघडते, मग टायर असा तिरका झिजतो. नुसतं बघून नाही कळत. हा प्रत्येक दात रस्त्यावर आपटतो आणि ते सगळं मिळून घुमतं." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "याला भ्यायचं काही कारण नाही. टायर फेकून द्या."

मास्तर म्हणाले, "मग तुमचं बेअरिंग..."

"चांगलं होतं," दादा खाली बघत म्हणाला. "दोन्ही चांगली होती. नवंही आणि काढलेलंही."

मला वाटलं होतं की आता सगळं संपलं. पण बाबा उठले, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि परत दाराकडे चालू लागले.

"बाबा, कुठे चाललात?"

"ते चाक माझ्या फेरीत नव्हतं, एवढंच ठरलं," ते म्हणाले. "मला ते ऐकू येतं, हे कुठं ठरलंय?"

७

त्यांनी स्वतःच अट घातली. आपण आत ऑफिसात बसणार. तोवर दादानं ते चाक वाटेल त्या कोपऱ्याला लावायचं, नाहीतर लावायचंच नाही, डिकीत टाकायचं. कुणी काही सांगायचं नाही. मग ते फेरी मारणार.

मी त्यांच्याबरोबर ऑफिसात बसले. भिंतीपलीकडून जॅकचा, पान्याचा आवाज येत होता. त्यावरून अंदाज बांधू नये म्हणून बाबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. तसं बसलेल्या माणसाशी काय बोलायचं. मी त्यांचे हात धरून खाली घेतले आणि इतके दिवस अडलेलं विचारून टाकलं.

"तुम्ही भांडलात का नाही? दोन्ही शुक्रवारी फेरी मारलीत, दोन्ही वेळा नाही म्हणालात. तुम्हाला खात्री होती ना?"

"होती की. तो बुधवारी आवाज ऐकून आला, तोपर्यंत होती."

"मग?"

"त्याचे कान मी तयार केलेत," बाबा म्हणाले. "पहिली पाच वर्षं मी त्याला हत्याराला हात लावू दिला नाही, नुसतं ऐकायला लावलं. तो आवाज आहे म्हणतो म्हणजे आवाज आहे. मग चूक माझीच असणार, दुसरं काय."

दादानं बाहेरून हाक मारली.

बाबा स्टिअरिंगवर बसले, दादा त्यांच्या शेजारी, मी मागे. मास्तर आपली गाडी दुसऱ्याच्या पायाखाली जाताना बघत फाटकाशी उभे राहिले. गल्ली गेली, चौक गेला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर बाबांनी काचा वर करायला सांगितल्या.

चाळीसला काही नव्हतं. दादा समोर बघत होता, चेहऱ्यावर एक रेघ हलू न देता. पन्नास झाले. मला आता ते ऐकू यायला लागलं होतं, अगदी अंधुक, आणि कुठून येतंय ते मला काही केल्या कळेना, कारण माझ्याच छातीत जास्त आवाज होत होता. पंचावन्न. साठ. आता ते भरून घुमत होतं. बाबांनी गाडी हलकेच डावीकडे नेली, उजवीकडे नेली, परत सरळ केली. तरी काही बोलले नाहीत.

आरशात मला फक्त त्यांचे डोळे दिसत होते. मला वाटलं, गेलं सगळं.

"पुढचं," बाबा म्हणाले. "तुझ्या बाजूचं." मग ते म्हणाले, "आणि चाकाचा एक नट तू सैल ठेवलायस. मुद्दाम की घाईत?"

दादाचा हात नकळत दाराला गेला. "मुद्दाम नाही, उस्ताद," तो म्हणाला. "हात कापत होते."

बाबांनी गाडी सावकाश कडेला घेतली. दादा पाना घेऊन उतरला, नट आवळला, आणि परत येऊन बसला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. जीव भांड्यात पडला म्हणतात ते कसं असतं, ते मला त्या मिनिटाला कळलं. मी मागच्या सीटवर आडवी पडून हसत होते आणि रडतही होते. दोघंही माझ्याकडे न बघण्याची भलतीच काळजी घेत होते.

बाबांनी गाडी परत रस्त्यावर घेतली. वळायची जागा आली, ते वळले नाहीत. दुसरी आली, तीही सोडली. चाक घुमत होतं आणि ते खिडकीच्या कडेवर बोट ठेवून ऐकत होते. शहर मागे पडलं तरी ते त्या घाणेरड्या आवाजाला सोडायला तयार नव्हते. त्यांच्या खांद्यांवरचं सगळं ओझं उतरलेलं मला मागून दिसत होतं.

"उस्ताद," दादा बऱ्याच वेळानं म्हणाला, "सोमवारी येताय ना?"

"सोमवार कशाला?" बाबा म्हणाले. "उद्या गुरुवार आहे की."